बकुळा सगळ्यांना आई म्हणायची

सांगलीत राहणाऱ्या माणसाला कॅलेंडर नसलं तरी चालतं, नाक शाबूत असलं म्हणजे झालं. थंडी पडली की गुऱ्हाळांचा गोड धुरकट वास येतो आणि माघ निम्मा सरला की नदीकडच्या मळ्यांतून शिजत्या हळदीचा. हा दुसरा वास सगळ्यांना सोसत नाही. ओली माती, वाफाळलेला पाला आणि जुन्या औषधांचं कपाट उघडल्यावर येतं तसलं काहीतरी, असं ते मिश्रण असतं. परवा सकाळी सूनबाई नाकाला ओढणी लावून म्हणाली, "आई, खिडकी लावून घेऊ का?" मी म्हटलं, "राहू दे गं, वर्षातून एकदाच येतो." ती पुण्याची आहे, तिला सवय व्हायला अजून दोन-चार हंगाम जातील. मी खुर्ची उलट खिडकीजवळच ओढली आणि चहा गार होईपर्यंत बसून राहिले.

आता हळद ट्रॅक्टरमागून ओढत आणलेल्या कुकरात वाफेवर शिजते. पूर्वी ती मोठमोठ्या काहिलींत शिजायची. खाली चुलाण पेटलेलं, काहिलीवर हळदीचाच पाला आणि ओली पोती दाबून झाकलेली, आणि शिजली की नाही हे बघायला एक म्हातारा हळकुंडात काडी खुपसून बघायचा. काडी मऊ गेली की तो नुसता हात वर करायचा. मग उपसा, मग उन्हात पसरलेली हळद, पंधरा-पंधरा दिवस. सगळं शिवार पिवळं व्हायचं आणि त्यात वावरणाऱ्या बायांचे तळहात तर उन्हाळा संपेपर्यंत पिवळे राहायचे.

या वासाबरोबर मला दरवर्षी एकच हंगाम आठवतो. नेमकं साल सांगत बसत नाही, सत्तरच्या दशकाचा उतार होता एवढं पुरे. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, साताऱ्याहून नोकरीसाठी सांगलीत आलेली, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. लग्न जमत नव्हतं. म्हणजे स्थळं यायची, पोहे खायची आणि 'कळवतो' म्हणून जायची. वडील पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कळवतो म्हणून न कळवणाऱ्या माणसांचा त्यांना भयंकर संताप यायचा. मला तेवढा यायचा नाही. रविवारी दुपारी मात्र खोली खायला उठायची. म्हणून मी गावाबाहेरच्या एका बालगृहात जायला लागले, मुलांना गाणी-गोष्टी सांगायला. समाजसेवा वगैरे मोठे शब्द त्याला लावायला नकोत. वेळ जात नव्हता, हे खरं कारण.

बैठी कौलारू इमारत, पुढं चिंचेची तीन झाडं, मागं तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे हळदीचा मळा. आत तीसेक मुलं. अधीक्षिका इंदूताई, आवाज करडा पण हात मऊ. स्वयंपाकापासून न्हाऊ-माखू घालण्यापर्यंत सगळं बघणारी शेवंताबाई. ती माण तालुक्यातली, दहिवडीकडची. नवरा मुंबईला गिरणीत. मोठ्या दुष्काळात ती कामाच्या शोधात इकडं आली आणि पाऊस पडल्यावरही परत गेली नाही. मुलं तिला मावशी म्हणत. तिथं काम करणारी प्रत्येक बाई मावशी, आणि बाहेरून येणारी प्रत्येक बाई आई. हा तिथला नियम होता, पण तो मला पहिल्या दिवशी माहीत नव्हता.

पहिल्या रविवारी मी फाटकातून आत आले आणि चारेक वर्षांची एक मुलगी तुरूतुरू पळत आली. केस बारीक कापलेले, गळ्यात काळा दोरा, नाक वाहतंय. तिनं माझ्या निऱ्या मुठीत धरल्या आणि वर बघून म्हणाली, "आई." ती बकुळा. पुढच्या रविवारी मी अर्धा तास लवकर गेले. खोटं कशाला बोलू, त्या एका हाकेसाठी गेले. नंतर माझ्यादेखत ती केळी वाटायला आलेल्या काकूंना आई म्हणाली, तपासणीला आलेल्या सरकारी बाईंनाही आई म्हणाली. तरी मी लवकर जायची थांबले नाही.

हे सगळं शेवंताबाईनं शिकवलेलं होतं. एकदा ज्वारी निवडता निवडता तिनंच मला सांगितलं. "लेकरानं आई म्हनलं की बाईमानसाचं काळीज हालतंय बगा, बाई. दहा जनींला म्हनंल, नऊ जनी लाडू दिऊन जातील, एकादी उचलून न्हील. आपलं काय जातंय म्हनायला?" मला त्यात तेव्हा काही चूक दिसली नाही. खरं सांगायचं तर मला तो हिशेब फार शहाणपणाचा वाटला.

बकुळाला तसं एकदा नेलंही होतं, जवळच्याच गावच्या एका जोडप्यानं. दोन महिन्यांनी त्या बाईंना दिवस गेल्याचं कळलं आणि बकुळा कपड्यांच्या पिशवीसकट फाटकाशी परत आली. त्यावर कोणी काही बोलायचं नाही. फक्त इंदूताई एकदा म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर ही पोर उभी राहायची नाही." त्यामुळं स्वीडनच्या एका जोडप्यानं बकुळाला मागितलं, कोर्टाच्या कामाआधी ते स्वतः येऊन तीन आठवडे राहणार असं पत्र आलं, तेव्हा सगळं बालगृह एकाच गोष्टीनं धास्तावलं. ही माणसं तिला नेतील ना? आणि नेल्यावर ठेवतील ना? इंदूताईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी लागणार. आणि तोंड जरा हसरं ठेवा, वर्गात असल्यासारखं नको."

गावात चर्चा व्हायचीच. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत एक बाई म्हणाल्या, तिकडं नेऊन धुणीभांडी करायला लावतात म्हणे. दुसऱ्या म्हणाल्या, बर्फात पोर टिकायची नाही. त्यांच्यापैकी कुणीही कधी बालगृहाची पायरी चढलेलं नव्हतं. मीही मनातून धास्तावलेले होते, पण त्यांच्यासमोर मात्र तावातावानं भांडले. शंका आपली आपल्यापाशी ठेवायची आणि भांडायचं लोकांशी, हा माझा स्वभाव तेव्हापासूनचा.

मी शाळेतून तीन आठवड्यांची रजा काढली. ते दोघं आले. ब्रिटा चाळिशीची, उंच, गावच्या पोस्टात खिडकीवर काम करणारी. तिचा नवरा नील्स सुतार. मी मनाशी कोट-टोपीवाली साहेब माणसं धरून बसले होते. हे तर आमच्या बाजारपेठेत शोभतील असे निघाले. त्यांचं इंग्रजी शाळेत शिकलेलं, माझंही तसंच. त्यामुळं आम्ही फार हळू, फार शुद्ध आणि एकमेकांना धीर देत बोलायचो.

शेवंताबाईनं बकुळाला सकाळपासून घासून-पुसून तयार ठेवलं होतं. खळीचा फ्रॉक, तेलानं चप्प केस, गालाला तीट. ब्रिटा फाटकातून आत आली, गुडघ्यावर बसली, आणि बकुळा नेहमीसारखी तुरूतुरू गेली, तिचा स्कर्ट मुठीत धरला आणि म्हणाली, "आई." ब्रिटानं मराठीतला एकच शब्द पाठ करून आणला होता, आणि तो नेमका हाच. ती रडायला लागली. नील्स चिंचेच्या झाडाकडं इतकं निरखून बघायला लागला, की जणू त्याला त्याचं कपाट करायचं होतं. शेवंताबाईनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. झालं काम, असा त्याचा अर्थ.

ते पहिले चार दिवस आठवले की मला पिवळाच रंग दिसतो. दुपारी मुलं कुंपणापाशी उभी राहायची, मळ्यातले लोक त्यांना चुलाणाच्या निखाऱ्यात भाजलेली रताळी द्यायचे. तोंडं काळी, हात पिवळे. बकुळा तशाच हातांनी ब्रिटाच्या गळ्यात पडली आणि तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर दोन लहान पंजे उठले. ब्रिटानं तो नळाखाली धरला, साबण लावला आणि किंचाळलीच. पिवळे पंजे लालभडक झाले होते. तिला वाटलं पोरीच्या हाताला जखम आहे. ती बकुळाचे तळवे उलटेपालटे करून बघतेय, बकुळा हसतेय, आणि शेवंताबाई तर हसून हसून मोरीतच बसली. "आवं, हळदीला साबन लावल्यावर लालच हुतंय! उनात टाका, दोन दिसात जातंय का न्हाई बगा." मी ते भाषांतर करून सांगितलं. ब्रिटानं ब्लाउज दोरीवर टाकला आणि तासातासाला जाऊन बघत राहिली. डाग खरंच उडाला. त्या दिवसापासून ब्रिटा शेवंताबाईचं सगळं ऐकायला लागली.

पाचव्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. मी, ब्रिटा आणि तिच्या बोटाला धरून बकुळा. गुळाच्या पेठेतून चालताना ब्रिटाच्या चपला चिकटत होत्या आणि तिला त्याचीही मजा वाटत होती. मग आम्ही कासारणीकडं बांगड्या भरायला बसलो. कासारणीनं बकुळाचा हात हातात घेतला, आणि बकुळा गोड आवाजात म्हणाली, "आई, हिरव्या." कासारीण विरघळली, दोन बांगड्या जास्त भरल्या. पुढं घाटावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं तिच्याकडं बघून हात हलवला. बकुळा ओरडली, "आई!" ब्रिटा चालता चालता थांबली.

"ती काय म्हणाली?"

मला पटकन उत्तर सुचलं आणि तेच वाईट झालं. मी म्हटलं, "आमच्याकडं कुठल्याही मोठ्या बाईला मानानं तसं म्हणतात." हे अर्धं खरं होतं. शाळेत असल्या अर्ध्या खऱ्यासाठी मी मुलींना बाकावर उभं करायचे. ब्रिटा "असं होय" म्हणाली आणि पुढं चालू लागली. पण वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई ती, समोरच्याचा चेहरा तिला वाचता येत होता. परतीच्या वाटेवर ती बकुळाकडंच बघत चालली होती. मी मात्र नदी, पूल, घाट, गणपतीचं देऊळ यांची माहिती देत सुटले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बालगृहाच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. "काल मी विचारलं होतं," ती म्हणाली, "ते पुन्हा विचारते." शेवंताबाई पलीकडं मुलांची डोकी विंचरत होती. मी सगळं सांगितलं. मावशी कोण, आई कोण, दहातली एक, लाडू देणाऱ्या नऊ जणी, आणि दोन महिन्यांनी परत आणून सोडणारी ती बाई. वाटत होतं, आपण या पोरीचं नशीब आपल्या तोंडानं मोडतोय.

ब्रिटा म्हणाली, "म्हणजे पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, ते खरं नव्हतं."

"नव्हतं."

शेवंताबाईचा फणी धरलेला हात थांबला. भाषा कळत नसली तरी सूर कळतो. "काय म्हनत्यात, बाई? न्हेनार न्हाईत का?" मी म्हटलं, तुम्ही आई म्हणायला शिकवलंत ते मी यांना सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "शिकिवलं, व्हय. आनि काय शिकवायचं हुतं मला? लिवता-वाचता येतंय व्हय मला? त्या बाईलाबी आईच म्हनली हुती ही. न्हेलं, आन् आनून टाकलं." एवढं बोलून तिनं मांडीवरच्या पोरीचं डोकं जरा जोरातच विंचरलं. ती पोर कळवळली.

मी हेही भाषांतर करून सांगितलं, एक शब्द न गाळता. ब्रिटा उठली, शेवंताबाईजवळ जाऊन खाली बसली आणि मला म्हणाली, "हिला सांग, मी जाणार नाही. आणि बकुळाला सांग, मला ब्रिटा म्हण. तो शब्द तिनं इतक्यांदा वापरलाय, की तिला त्याचा काही उपयोग राहिलेला नाही. कधी लागलाच तर ती काढेल. नाही लागला तर नाही."

शेवंताबाईला हे पहिल्या अर्ध्या भागापर्यंत पटलं. दुसरा भाग ऐकून ती हबकलीच. "आवं, आयला नावानं हाक? आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी, आन् हितं लेकीनं आयचं घ्यायचं? लोकं काय म्हनतील?" पण ब्रिटा ऐकेना. बकुळाला ब्रिटा म्हणता आलं नाही, तिनं 'बिटा' केलं. आणि मग एक अजब काळ सुरू झाला. बकुळा दूधवालीला आई म्हणायची, भाजीवालीला आई म्हणायची, मला तर म्हणायचीच. साऱ्या सांगलीत आई नव्हती ती फक्त बिटा.

मला त्या दिवसांत वाटलेलं सांगते. मला ते आवडत होतं. ब्रिटासमोर बकुळानं मला आई म्हटलं की मी वरवर ओशाळायची आणि आतून फुलायची. माणूस चांगलं काम करत असताना आत काय काय चालतं, हे कुणाला दिसत नाही ते बरंच आहे.

ब्रिटा रोज सकाळी यायची ती संध्याकाळी दिवेलागणीला मुक्कामी जायची. ती बकुळाला न्हाऊ घालायची, उवा काढायची, भाकरी थापायला बसायची. तिची भाकरी कधी हिंदुस्थानच्या नकाशासारखी व्हायची, कधी कुठल्याच देशासारखी नाही. बकुळा शेजारी बसून तिला शिकवायची, "आसं न्हाई, बिटा. आसं." नील्सनं दरम्यान बालगृहाची सगळी दारं नीट बसवली आणि तुटका झोपाळा जोडला. पावसाळ्यात फुगणारी ती दारं पुढं कितीतरी वर्षं कुरकुरली नाहीत. एकदा बकुळानं रागानं ताटली फेकली आणि ब्रिटाच्या मनगटाला चावली. सगळे धावले. ब्रिटानं मनगट धरलं, खाली बसली आणि तिथंच बसून राहिली, बकुळा दमेपर्यंत. नंतर दोघींनी मिळून सांडलेला भात गोळा केला.

निघताना रोज बकुळा विचारायची, "उद्या येनार?" मी सांगायची, येणार म्हणते. सकाळी बकुळा फाटकाचा गज धरून उभी असायची, नऊ वाजायच्या आधीपासून. मग एका सकाळी ती फाटकाशी नव्हती. मागं झोपाळ्यावर खेळत होती, बिटा आली तरी वळूनही बघितलं नाही. ब्रिटाचं तोंड एवढंसं झालं. तिला वाटलं, संपलं सगळं. इंदूताईंनी तिचा खांदा थोपटला आणि मला म्हणाल्या, "सांगा त्यांना, आज ती फाटकाशी उभी नाही, कारण येणार याची तिला खात्री आहे. इतक्या वर्षांत असं मी दोनदाच बघितलंय." मी ते सांगितलं, आणि ब्रिटा चिंचेखाली जाऊन थोडी रडून आली.

राहता राहिलं कोर्ट. वकीलसाहेब सज्जन, पण घाईचे. त्यांचं म्हणणं, न्यायाधीशसाहेबांसमोर मुलीनं बाईंना आई म्हटलं की काम सोपं होतं, तेवढं पढवून ठेवा. इंदूताईंनाही ते पटत होतं. शेवंताबाई तर दोन मिनिटांत पढवायला तयार होती. ब्रिटानं मान हलवली. पढवायचं नाही. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, हुकूम नाही मिळाला तर? ती म्हणाली, "तर पुन्हा अर्ज करू. मी सुट्टी वाढवीन." त्या बाईच्या हट्टाचा मला त्या वेळी राग आला होता.

न्यायाधीशांनी बकुळाला जवळ बोलावलं. टेबलापेक्षा तिचं डोकं थोडंसंच वर येत होतं. त्यांनी विचारलं, "बाळ, ही बाई कोण?"

"बिटा."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. साहेब पुन्हा म्हणाले, "हो, पण बिटा तुझी कोण?"

बकुळा विचारात पडली. तिनं ब्रिटाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. मग प्रश्नच फार सोपा असल्यासारखी म्हणाली, "माजी बिटा."

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहू लागले. हुकूम मिळाला.

या गोष्टीला आता पन्नासेक वर्षं होत आली. ब्रिटाची पत्रं बरीच वर्षं येत होती, मग हळूहळू थांबली. मला त्याचं काही वाटत नाही. माझंही पुढं लग्न झालं. एका स्थळानं खरोखरच कळवलं, आणि तेही सांगलीचंच. दोन मुलगे झाले, नातवंडं झाली. पोर तिच्या मातीतून उचलून इतक्या लांब न्यावी का, यावर लोक आजही वाद घालतात, आणि घालावाच. बकुळाला ज्वारीच्या भाकरीची चव आठवत नसेल, मराठी तर नक्कीच गेली असेल, आणि हे नुकसान लहान नाही. पण फाटकाशी पिशवी घेऊन उभी राहिलेली बकुळा ज्यांनी पाहिली, त्यांच्यात मी वावरले होते. मला त्या वादात फार वेळ बसवत नाही.

निघायच्या दिवशी शेवंताबाईनं ब्रिटाची ओटी भरली. नारळ, तांदूळ आणि त्याच मळ्यातली पाच हळकुंडं. इंदूताईंनी दिलेली साडी ब्रिटा नेसली होती, म्हणजे इंदूताईंनी आणि मी तिला गुंडाळली होती. शेवंताबाईनं बकुळाचा मुका घेतला, "नीट ऱ्हा गं माजे बाई," म्हणाली आणि गाडी सुरू व्हायच्या आतच स्वयंपाकघरात निघून गेली. आमटी लागंल, असं काहीतरी कारण सांगून.

भाड्याची ॲम्बॅसडर होती. मी साताऱ्यापर्यंत सोबत जाणार होते. आमच्या घरी जेवून ते पुढं पुण्याला, तिथून मुंबईला जाणार होते. कराड मागं पडेपर्यंत बकुळा खिडकीतून प्रत्येक बैलगाडी मोजत होती, मग झोपली. साताऱ्याला वडील कोट घालून दारात उभे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते इटलीत होते, त्यामुळं गोऱ्या माणसांशी कसं बोलायचं हे आपल्याला ठाऊक आहे अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी नील्सला खाडकन सलाम ठोकला, बिचाऱ्या सुतारानंही ठोकला, आणि दोघं अंगणात खुर्च्या टाकून खुणांनी गप्पा मारत बसले. आईनं वांग्याचं भरीत, भाकरी आणि दही केलं होतं. जेवणं झाली. बकुळाला मधल्या खोलीत गोधडीवर झोपवलं होतं, ती उठली नव्हती. ब्रिटा परसात हात धुवायला गेली. मी आणि आई ओसरीवर सुपारी कातरत बसलो.

तेवढ्यात आतून हाक आली, "आई!"

परकं घर, परकं छप्पर. जागी होऊन पोर घाबरली होती. माझी आई दाराजवळ होती, ती लगबगीनं आत गेली. "आले गं माजी बाय," म्हणत तिनं बकुळाला उचलून बाहेर आणलं. बकुळानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि अंग ताठ केलं. "न्हाई."

मग मी उठले. मला अजिबात शंका नव्हती. इतके रविवार माझ्या गाठीला होते. मी दोन्ही हात पुढं केले. बकुळानं झोपेनं सुजलेल्या डोळ्यांनी मला नीट न्याहाळलं, ओळखलं आणि मान हलवली.

"तू न्हाई," ती म्हणाली. "तू मावशी."

माझे हात तसेच राहिले. दुखलं. आता या वयात ते लपवून काय करायचं? आणि त्याच क्षणी आनंदही झाला. वर्षभर जो शब्द ती दिसेल त्या बाईच्या अंगावर टाकत आली होती, तो तिनं आज पहिल्यांदाच नाकारला होता, आणि नाकारलेल्यांत मी होते.

ब्रिटा परसाच्या दारात येऊन उभी होती. निऱ्या अर्ध्या सुटलेल्या, दोन्ही हातांतून पाणी निथळतंय. बकुळा माझ्या आईच्या खांद्यावरून तिच्याकडं पूर्ण वाकली आणि पुन्हा तीच हाक मारली, जरा चिडूनच, इतका वेळ कुठं होतीस अशी. ब्रिटानं मला काही विचारलं नाही. ती पुढं आली आणि तसल्याच ओल्या हातांनी तिनं पोरीला घेतलं.

"अगं, हात पूस की! पोरीचा फ्रॉक भिजंल," माझी आई म्हणाली.

भिजला.